उजव्या हातातला दादा

अंधार पडला की तुळजीराम मुका व्हायचा. दिवसाउजेडी चारचौघांसारखा बोलणारा माणूस. जरा अडखळत, पण बोलणारा. दिवे गेले की वाक्याच्या मध्येच गप्प. तोंड उघडं, जीभ टाळूला लागलेली आणि आवाजाचा पत्ता नाही. मग त्याची बायको सुरेखा चडफडत उठायची, मोबाइलचा दिवा त्याच्या उजव्या हातावर धरायची आणि त्या हाताकडं बघत बघत तुळजीराम उरलेलं वाक्य पुरं करायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही थेरं. थेरं कसली? आपल्याला काय बोलायचंय हे त्या माणसाला स्वतःच्या हाताकडूनच कळत होतं.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर आधी गोंधळाचं सांगायला हवं.

बार्शीच्या अलीकडं एका वस्तीवर हे धुमाळ भाऊ राहायचे. थोरला अंबादास, धाकटा तुळजीराम. पिढीजात गोंधळी. लग्नकार्य उरकलं की देवीचा गोंधळ घालायला यांना बोलावणं यायचं. गाड्यांमधले ड्रायव्हर गेले, लग्नाच्या पत्रिका गेल्या, तरी यांचं बोलावणं काही थांबलं नव्हतं, आणि त्याचं कारण होतं करपल्लवी. अंबादास पाहुण्यांच्या गर्दीत शिरायचा. कुणीही यावं आणि त्याच्या कानात हळूच एखादं नाव सांगावं. पणजीचं सांगा, नाहीतर घरच्या कुत्र्याचं सांगा. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला तुळजीराम संबळ घेऊन उभा. अंबादासच्या तोंडातून चकार शब्द निघायचा नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायचा, जपमाळ ओढावी तसा. कुठलं पेर, किती वेळा, बोट ताठ की मुडपलेलं, यात त्यांच्या घराण्यानं सगळी अक्षरं बसवलेली होती. आणि तिकडून तुळजीराम खणखणीत आवाजात त्या पणजीचं नाव घ्यायचा. एका नवरदेवाच्या इंजिनिअर मित्रानं तर दोघांचे फेटे सोडून आत यंत्र आहे का ते पाहिलं होतं.

थोरल्यानं धाडायचं, धाकट्यानं वाचायचं. लहानपणापासून हीच वाटणी. तुळजीरामनं कधी धाडायला अंगठा हलवला नाही आणि अंबादासला कधी वाचायची वेळ आली नाही.

मग एका गोंधळावरून परतताना जीप उलटली. अंबादास जागच्या जागी गेला. तुळजीराम वाचला, पण त्याच्या डोक्याची डावी बाजू दगडावर आपटली होती. शुद्धीवर आल्यावर त्याला सगळी माणसं ओळखू येत होती, बोललेलं कळत होतं. बोलता मात्र एक अक्षर येईना. भाऊ गेल्याचं कळलं, तर त्याच्या नावानं हंबरडा फोडायचीही सोय राहिली नव्हती.

पुण्याच्या ज्या मेंदूच्या संस्थेत त्याला हलवलं, तिथल्या डॉक्टर आश्लेषा गुर्जर या भावांना आधीपासून ओळखत होत्या. दोन माणसांचे मेंदू एकमेकांशी जुळवून कसं काम करतात, हे बघायला त्यांनी पूर्वी एकदा दोघांना बोलावलं होतं, डोक्यावर तारांच्या टोप्या चढवल्या होत्या आणि दिवसभर करपल्लवी करून घेतली होती. आता त्यांनी सुरेखाला आणि अंबादासच्या बायकोला, कालिंदाला, समोर बसवलं आणि सावकाश समजावलं.

मेंदूतली पेशी म्हणजे एक बारीकसा ठिपका आणि त्याला फुटलेला लांब धागा. धाग्यातून विजेची लहर पळते. टोकाला पोचली, की पुढच्या पेशीच्या आधी एक फट असते, केसाहून कितीतरी बारीक. ती फट रसायनाचे कण ओलांडतात आणि पुढची पेशी पेटते. बोलणं, आठवण, राग, सगळं या येण्याजाण्यातच आहे. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडलं तर सांधतं, पण मेंदूच्या या भागातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. तिथं पोकळी राहते, पाणी भरलेली. शेजारच्या पेशींना मात्र नवे धागे फुटतात आणि मेलेल्यांचं काम त्या जमेल तसं अंगावर घेतात. लहानसहान इजा अशीच भरून निघते. तुळजीरामची इजा लहान नव्हती.

म्हणून त्याच्याच कातडीपासून वाढवलेल्या नव्या पेशी त्या पोकळीत लावायच्या होत्या. अडचण एवढीच, की नव्या पेशी अगदी कोऱ्या असतात. कुणाशी धागा जोडायचा हे त्यांना ठाऊक नसतं. ज्या पेशी एका वेळी पेटतात त्या एकमेकींशी जुळतात, असा त्यांचा स्वभाव. तेव्हा बारीक तारांच्या जाळीतून त्यांना एखाद्या धडधाकट मेंदूची चाल पुन्हा पुन्हा द्यायची, रियाज करून घ्यावा तशी. तुळजीरामच्या जुन्या नोंदी होत्या, पण त्या दिवशी तो मोठ्यानं नावं घेत होता आणि जबड्याच्या हालचालीनं त्यात नुसती खरखर भरली होती. अंबादास तोंड मिटून होता. त्याच्या नोंदी लख्ख होत्या. सख्खा भाऊ, त्यात आयुष्यभर जोडीनं काम केलेला. याहून चांगली चाल कुठं मिळणार?

परवानगी कालिंदाची लागत होती. तिनं डोळे पुसत सांगितलं, की त्यांचं काहीतरी भाऊजींच्या कामी येतंय, तर येऊ द्या.

बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी सुरेखा खाटेशेजारी बसून संत्रं सोलत असताना तुळजीरामचा उजवा अंगठा हलला. बोटांच्या पेरांवर फिरला. तुळजीराम चकित होऊन बघत राहिला आणि त्याचं तोंड आपसूक म्हणालं, "पाणी." सुरेखाच्या हातातलं संत्रं खाली पडलं. ती त्याच्या गळ्यात पडून रडली, नर्स जमल्या, डॉक्टर धावत आल्या.

उलगडा नंतर झाला. नव्या पेशी अंबादासकडून शिकल्या होत्या आणि त्या नोंदींत अंबादास फक्त धाडत होता. मनातला शब्द उचलायचा आणि हाताकडं पाठवायचा. जिभेची वाट त्यांना माहीतच नव्हती. पण पेरं बघून बोलायची तुळजीरामची जन्माची सवय, डोळ्यांकडून जिभेकडं जाणारी ती वाट शाबूत राहिली होती. त्यामुळं त्याचा शब्द आधी हातात उतरायचा, मग डोळ्यांनी आत यायचा आणि मग तोंडातून बाहेर पडायचा. सगळा द्राविडी प्राणायाम. पण माणूस बोलत होता, आणि बोलत असलेल्या माणसात कुणी खोट काढायला जात नाही.

घरी आल्यावर पहिल्या काही दिवसांतच तो घाबरला. ओट्यावर निवांत बसला होता, मनात काही नव्हतं, आणि अंगठा आपला आपण फिरायला लागला. त्यानं वाचलं. 'चहा लई पाणचट.' समोर चहा नव्हता. थोड्या वेळानं, 'टोपी कानाला रुतती, ह्या बाईला सांग.' डोक्यावर टोपी नव्हती. तुळजीरामच्या अंगावर काटा आला, कारण हे बोलणं त्यानं पूर्वी वाचलेलं होतं. त्या पुण्याच्या दिवशी.

त्या दिवशी दर दोन नावांच्या मध्ये डॉक्टर सांगायच्या, आता शांत बसा, विश्रांती घ्या. तुळजीराम डोळे अर्धवट मिटून बसायचा. अंबादासला कुठं जमायचं ते! त्याची सवयच होती, मांडवात दोन नावांच्या मध्ये धाकट्याशी पेरांवर गप्पा मारायच्या. कुठल्या पाहुण्याचं पोट सुटलंय, जेवणात काय दिसतंय, नवरदेव कसा घाबरलाय. तिथं प्रयोगशाळेतही त्यानं तेच केलं. लोकांना दिसत होता एक गप्प बसलेला माणूस. नोंद झाली विश्रांती म्हणून. आणि नव्या पेशींना विसावायला शिकवताना तीच विश्रांती त्यांना देण्यात आली होती.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्या आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे तुळजीरामचा मेंदू जेव्हा जेव्हा विसावणार, तेव्हा तेव्हा अंबादास बोलायला लागणार.

माणसाला विसावा लागतोच. तुळजीरामला तो भोवला. जेवण झालं की दादा, पारावर टेकलं की दादा. हात पाठीमागं लपवला तर बोटं पाठीवर सरकायची. झोपताना सुरेखा त्या हातावर जुना पायमोजा चढवायची, तर मोज्यात उंदीर शिरावा तशी आत हालचाल. तुळजीरामला भावाची आठवण नको होती असं नाही. जीव होता त्याचा दादावर. पण मेलेल्या माणसासाठी रडून मोकळं व्हायला तो आधी गप्प तर व्हायला हवा ना? हा गप्पच होईना.

यात कालिंदाचं सुख लपलेलं होतं, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. कालिंदा गोंधळ्याचीच लेक. मुलींना करपल्लवी शिकवत नाहीत, पण बापाच्या मागं बसून तिनं ती चोरून उचलली होती. दुपारची भाकरी द्यायच्या निमित्तानं ती येऊ लागली, समोर बसू लागली. एक दिवस हातानं डॉक्टरांच्या चालण्यावर काहीतरी शेरा मारला आणि कालिंदा खळखळून हसली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. तुळजीरामला बरं वाटलं, आणि टोचलंही. तिनं त्याच्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

सुरेखानं दारातून ते पाहिलं होतं. ती वाईट बाई नव्हती. जावेचं दुःख तिला कळत होतं. पण रोज आपल्या नवऱ्यासमोर कुणी बसावं, त्याच्या हाताशी बोलावं, लाजावं, रुसावं, हे किती दिवस सोसायचं? वस्तीवर कुजबुज सुरू झाली होती. गोंधळाची बोलावणी आली ती सुरेखानंच परतवली.

त्यात हातानं नवीनच चालू केलं. कालिंदाला खोकला झाला होता. हात म्हणाला, 'काढा घेत जा.' त्या दिवशी प्रयोगशाळेत खोकला, काढा, कशाचाच विषय नव्हता. तुळजीरामनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, की त्या पेशी आता त्याच्या मेंदूत रुजल्या आहेत, त्याच्या डोळ्याकानांशी जुळल्या आहेत. काळजी त्याचीच आहे. फक्त ती भावाच्या ढंगात बाहेर पडते.

"की उलट?" तुळजीरामनं हाताकडं बघत विचारलं. "काळजी दादाची, अन् मी नुसता ढंग?"

 मग डॉक्टर म्हणाल्या, की हे तपासायचं साधन अजून कुणाकडं नाही.

कालिंदाकडं मात्र तिचं साधन होतं. ते तिनं एका दुपारी सांगून टाकलं. अंबादासनं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकलं का, एवढंच. त्यांच्यात तशीच रीत. "साऱ्या मुलखाची नावं त्यांच्या पेरांवर नाचली," ती म्हणाली. "माझं कुणी त्यांच्या कानात कशाला सांगेल? एकदा बघायचं होतं मला, भाऊजी. तुम्ही तर मला वैनीशिवाय हाक मारली न्हाई. मग ते नाव आलं, तर ते त्यांच्याकडनंच येईल."

ती रोज येऊन वाट बघायची. हात चहाबद्दल बोलायचा, उन्हाबद्दल बोलायचा. नाव येत नव्हतं.

डॉक्टरांनी उपाय काढला होता. त्या पेशी विशिष्ट रंगाच्या उजेडानं बंद करता येतील अशाच घडवलेल्या होत्या. कवटीतल्या जाळीतून तसा उजेड सोडायचा, हाताकडं गेलेले धागे छाटायचे आणि उरलेल्यांना जिभेची वाट दाखवायची. तुळजीराम पुन्हा शिकेल, हळूहळू, पण स्वतःचं बोलेल. हात गप्प होईल, कायमचा. आणि हे लवकर करायला हवं होतं, कारण धाग्यांवर आता चरबीचं वेष्टण चढत होतं. ते पुरं झालं की छाटणी होणार नाही. मग उजवा हात त्याचा राहणार नाही, आणि काही वर्षांनी बाकीचाही तो किती उरेल, हे सांगता येत नव्हतं.

तुळजीराम दिवस ढकलत राहिला. हो म्हणावं तर दादाला आपल्या हातानं दुसऱ्यांदा पोचवायचं. नाही म्हणावं तर आपण संपायचं. शेवटी सुरेखानं त्याच्यासमोर उभं राहून एकच गोष्ट सांगितली. "मला अंधारात माझ्याशी बोलणारा नवरा पाहिजे. दुसरं काही मागत न्हाई मी."

त्यानं पुण्याला हो कळवलं. कालिंदाला सांगायचा धीर मात्र त्याला झाला नाही. ते सुरेखानं सांगितलं.

ज्या सकाळी संस्थेची गाडी अंगणात येऊन उभी राहिली, त्या सकाळी कालिंदा आली. रडारड नाही, भांडण नाही. ओट्यावर नेहमीच्या जागी बसली. सुरेखा पिशवी घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

कालिंदा हाताशी बोलली. "आज जायचंय तुम्हाला. एकदा माझं नाव घ्या."

अंगठा फिरला. 'गाडीला ड्रायव्हर न्हाई. वळणावर काय करती?' कालिंदा वाट बघत राहिली. 'ऊन लई चढलं.' ती तरी बसून राहिली. मग 'भूक लागली' आलं आणि अंगठा तर्जनीपाशी टेकून राहिला. कालिंदाची मान हळूहळू खाली जात होती.

तुळजीरामला ते बघवेना. त्यानं विचार केला, आपण मनात आणतो ते शब्द हात धाडतोच की. मग एक नाव आपणच धाडलं तर काय बिघडलं? या बाईनं आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. जे नाव त्यानं मनातसुद्धा कधी उच्चारलं नव्हतं, ते त्यानं मनात घेतलं. त्याचे कान तापले. वाचताना ते जिभेवर येऊ नये म्हणून त्यानं दात घट्ट आवळले. अंगठा हलला, पेरांवरून सावकाश फिरला. कालिंदा.

तिनं वाचलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की सुरेखानं मान फिरवली. मग कालिंदानं प्रथमच वर बघितलं, सरळ तुळजीरामच्या डोळ्यांत.

"भाऊजी, हे तुम्ही केलं का?"

त्यानं उत्तर आधीच जुळवून ठेवलं होतं. न्हाई वैनी, दादाच होता. साधं खोटं, कुणाचं वाईट न करणारं. पण तेही हातातूनच जाणार होतं. अंगठा हलला. तुळजीराम वाचत गेला, आणि जन्माच्या सवयीनं तोंड मोठ्यानं बोलत गेलं. दात आवळायचं भानही त्याला राहिलं नाही.

"तुळज्या, तिच्याशी खोटं बोलू नको."

 तुळज्या म्हणणारं माणूस जगात एकच होतं. तुळजीराम घामानं थबथबला. हे त्यानं मनात आणलं नव्हतं. देवीची शपथ, आणलं नव्हतं. की त्याच्याच मनाच्या कुठल्या कोपऱ्याला लाज वाटली होती आणि ती दादाचा आवाज घेऊन आली? त्याला कळेना, आणि आपल्याला कळत नाही याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

कालिंदा रडत होती आणि रडता रडता हसत होती. "हे मात्र त्यांचंच," ती म्हणाली. "हे काय तुम्हाला जमायचं न्हाई."

मग ती उठून जवळ आली. दिराच्या अंगाला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. तिनं त्याचा उजवा हात घेतला, अंगठा आत घालून त्यावर एकेक बोट मिटवलं आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली.

"माझ्यासाठी मी बसवून ठेवलं होतं यांना. मेल्यावरसुद्धा धाकट्या भावाला वळण लावायचं यांचं सुटंना. आता सुटू द्या, भाऊजी. जाऊन या."

तुळजीरामला एकदम वाटलं, नको. गाडी परत पाठवावी. राहू द्या दादाला, राहील तितका. पण मूठ मिटलेली होती, हात दिसत नव्हता, आणि तोंडातून शब्द फुटेना. मान हलवून नाही म्हणता आलं असतं. त्यानं ती हलवली नाही.

गाडीनं मंजुळ आवाजात विचारलं, निघायचं का? सुरेखानं हो म्हटलं आणि पिशवी आत ठेवली. कालिंदा त्याला धरून गाडीपर्यंत घेऊन आली. चालता चालता मुठीत अंगठा हलायला लागला. घाईघाईनं, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर, पुन्हा तिथंच. कालिंदाला तो तळव्यात लागत होता. सुरेखालाही दिसलं, मूठ कशी धडपडतेय ते.

कालिंदानं मूठ उघडली नाही. ती समोर रस्त्याकडं बघत राहिली आणि अंगठा थांबेपर्यंत तिनं हात सोडला नाही. तो काय सांगत होता, ते कुणीच वाचलं नाही.